मोरोपंतांच्या बारामतीत वाजलेला डफ

फोक-रॉकवर एपिसोड करा, अशी फर्माईश बरेच दिवस येतेय. त्यात अटीही आहेत बरं का! गाणं लिहिणारा आणि गाणारा माणूस एकच हवा. शब्दांना डोकं हवं, थोडा खट्याळपणा हवा, आणि संगीत आपल्या मातीतलं हवं. शक्यतो आपल्या बारामती-इंदापूरकडचं असेल तर बेस्टच.

आता यावर चटकन सुचणारी उत्तरं आहेतच. २००३ पासून संदीप खरे आणि सलील कुलकर्णी ‘आयुष्यावर बोलू काही’ करतायत. ‘अभंग रिपोस्ट’सारखा बँड गिटार आणि ड्रम्स घेऊन अभंग गातो. हे सगळं तुमच्या प्लेलिस्टमध्ये असणारच. पण अटी नीट वाचल्या तर मला सगळ्यात फिट बसणारा माणूस दिसतो तो सव्वादोनशे वर्षांपूर्वीचा. त्याचा अल्बम नाही. त्याच्या आवाजाचा एक सेकंदही कुठे शिल्लक नाही. राहणारा सोलापूरचा, पण त्याच्या गोष्टीतलं सगळ्यात महत्त्वाचं वळण बारामतीत आहे. नाव राम जोशी.

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगून टाकतो. मराठी वाङ्मयाची जुनी पुस्तकं उघडलीत तर एक गंमत दिसेल. मोरोपंतांबद्दल लिहिताना ‘पंतांनी रचले’, ‘पंत म्हणतात’. आणि राम जोशींबद्दल लिहिताना ‘त्याने लावण्या केल्या’, ‘तो तमाशात शिरला’. एकाला अहो-जाहो, दुसऱ्याला अरे-तुरे. मराठीत एकेरी प्रेमानंही येतं, हे मान्य. तुकोबाला, विठोबाला आपण एकेरीच हाक मारतो. पण इथे ते प्रेमाचं वाटत नाही मला. एक कवी आणि दुसरा तमासगीर, असा तो हिशेब आहे. म्हणून आजच्या भागात दोघांनाही अहो-जाहो.

तर राम जोशी. सोलापूरच्या जोशी घराण्यात, अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांचा जन्म. वडील जगन्नाथ जोशी. थोरले बंधू मुद्गल जोशी पुराण सांगायचे, गावात मान होता. घरात पोथ्या, संस्कृत, सोवळं-ओवळं. आणि पोराचा जीव कुठे अडकला? धोंडी शाहिराच्या तमाशात. परंपरेनं जी हकीकत सांगितली जाते तिच्यात राम जोशी आधी नुसते बघायला जातात, मग गाणी लिहून देतात, मग स्वतःच फडात उभे राहतात. थोरल्या भावानं घराबाहेर काढलं. पुढे पंढरपूरला जाऊन त्यांनी संस्कृतचा रीतसर अभ्यास केला, कीर्तनंही केली. पण डफ काही सुटला नाही.

हे आज वाचायला मजेशीर वाटतं, पण तेव्हा काय किमतीचं होतं ते लक्षात घ्या. तमाशाचा फड चालायचा तो मुख्यतः महार, मांग, कोल्हाटी अशा समाजांतल्या कलावंतांच्या जिवावर. ब्राह्मण घरातल्या मुलानं त्यांच्यात उठणं-बसणं, त्यांच्याबरोबर गाणं, म्हणजे जात पणाला लावणं. बॉब डिलन १९६५ साली न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात इलेक्ट्रिक गिटार घेऊन चढले तेव्हा लोकांनी हुर्यो उडवली, याच्या आपण केवढ्या कथा करतो. तिथे प्रश्न आवडीनिवडीचा होता. इथे घराचं दार बंद होत होतं.

त्या काळातले बाकीचे शाहीरही बघा जरा, कारण तो एक अख्खा सीन होता. होनाजी गवळी समाजातले. परशराम शिंपीकाम करणारे. सगनभाऊ मुसलमान, शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणारे. संगमनेरचे अनंत फंदी ब्राह्मण. आणि ‘होनाजी बाळा’ हे एका माणसाचं नाव नाहीये, हे किती जणांना माहितीये? होनाजी लिहायचे आणि बाळा करंजकर गायचे. दोघांचं मिळून ते नाव. सरळ सरळ बँडचं नाव आहे ते! राम जोशी मात्र दोन्ही कामं स्वतः करायचे.

आता आवाजाकडे येऊ. तेव्हाचा फड ऐकायला कसा असेल? डफ हा ठोका धरणारा. तुणतुण्याला एकच तार, तिचा एकच सूर सतत चालू, त्यामुळे गाणाऱ्याला पायाखाली जमीन मिळते. झांज किंवा मंजिरी वरचा खणखणीतपणा देते. आणि मागे झीलकरी, म्हणजे शाहिरानं ओळ टाकली की तिचं शेपूट उचलून वरच्या पट्टीत ताणणारे. माईक नाही, मैदान उघडं, रात्रभर कार्यक्रम. शब्द शेवटच्या माणसापर्यंत पोचायचा तर तो टणक असावा लागतो. त्याला कोपरे असावे लागतात.

राम जोशींची खरी करामत इथेच आहे. संस्कृत कवितेत अनुप्रास, यमक, श्लेष हे सगळं पंडितांना दाखवायला असतं. राम जोशींनी ते डफावर आणलं, आणि तिथे त्याचं काम बदललं. त्यांची एक उपदेशपर लावणी आहे, ढोंगी बैराग्यांची खिल्ली उडवणारी. कपडे रंगवून, जटा वाढवून, मठाचा पसारा मांडून देव मिळतो का, असा तिचा सूर. त्यात ‘ट’ आणि ‘ठ’ इतक्या दाटीनं येतात की तोंडानं म्हणून बघितलं तर जीभ टाळ्यावर डफ वाजवते. शाळेत हा ‘अनुप्रास अलंकार, गुण २’ म्हणून शिकवतात. अरे, तो ठेका आहे! वाद्य थांबवलं तरी ती ओळ वाजत राहील.

दुसरा प्रकार छेकापन्हुतीचा. नाव ऐकून घाबरू नका. एक बाई मैत्रिणीला काहीतरी वर्णन करून सांगते, रात्रभर जवळ होता, गालाला लागला वगैरे. मैत्रीण म्हणते, काय गं, तुझा सखा का? बाई म्हणते, छे, दुसरंच काहीतरी. म्हणजे ऐकणाऱ्याला आधी नको तिकडे न्यायचं आणि शेवटच्या क्षणी साळसूदपणे हात झटकायचे. उत्तरेत अमीर खुसरोच्या नावावर ज्या मुकऱ्या सांगतात त्यांची चालही हीच. संस्कृत अलंकारशास्त्रात याला नाव आहे, व्याख्या आहे. राम जोशींनी ते उचललं आणि रात्रीच्या फडात सोडलं. आता कल्पना करा, पुढे बसलेला शास्त्री अलंकार ओळखून हसतोय आणि मागे बसलेला गाडीवान विनोद कळून हसतोय. दोघं एकाच क्षणाला. असा शब्द लिहिणं फार अवघड असतं.

भाषेचंही तेच. सोलापूर म्हणजे मराठी-कानडीचा शेजार, वर दख्खनी हिंदी बाजारात, संस्कृत घरात. या चारही भाषा एकत्र गुंफून केलेली लावणीही त्यांच्या नावावर आहे. आज आपण गाण्यात इंग्रजी शब्द आला की ‘फ्यूजन’ म्हणतो.

आणि हो, शृंगार होताच. ‘सुंदरा मनामध्ये भरली’ त्यांचीच. अध्यात्म होतं, देवस्थानांची वर्णनं होती. एकाच माणसाच्या वहीत नखशिखान्त सौंदर्यवर्णन आणि पुढच्या पानावर वैराग्य. काही अभ्यासक याचं स्पष्टीकरण वयानं देतात, तरुणपणी हे आणि म्हातारपणी ते. मला ते फार सोयीस्कर वाटतं. एकाच रात्रीच्या कार्यक्रमात गण, गौळण, शृंगार, सवाल-जवाब आणि पहाटे उपदेश हे सगळं लागतं. चांगला गायक प्रहर बघून वही उलटतो.

आता सोलापूरहून बारामतीला येऊ. आजच्या रस्त्यानं निघालात तर आधी इंदापूर, मग डावीकडे वळून निमगाव केतकी, सणसर करत बारामती. तुकोबांच्या पालखीचा रस्ता आहे हा, फक्त उलट दिशेनं. या पट्ट्यातल्या माणसाला चालत्या संगीताची सवय आहे. इंदापूरचं रिंगण ज्यांनी बघितलंय त्यांना शेकडो टाळ एकदम वाजले की पोटात काय होतं ते वेगळं सांगायला नको.

अठराव्या शतकातली बारामती म्हणजे बाबूजी नाईकांची बारामती. कऱ्हेच्या काठी त्यांचा वाडा. हे नाईक मोठे सावकार, पेशव्यांशी सोयरीक असलेले. आणि इतके वजनदार की १७४० मध्ये थोरले बाजीराव गेल्यावर पेशवेपदासाठी रघूजी भोसल्यांनी यांचंच नाव पुढे केलं होतं. ते जमलं नाही. नाहीतर आपला इतिहासाचा पेपर वेगळा असता. याच नाईकांच्या आश्रयाला मोरेश्वर रामचंद्र पराडकर, म्हणजे मोरोपंत, राहिले. जन्म १७२९, पन्हाळ्याचा. शिक्षण तिथेच पाध्ये गुरुजींकडे. विशीत बारामतीला आले ते १७९४ मध्ये तिथेच वारले. काम काय, तर नाईकांच्या वाड्यात पुराण सांगणं आणि उरलेल्या वेळात लिहिणं. उरलेल्या वेळात किती लिहिलं? अख्खं महाभारत आर्यांमध्ये. ‘केकावली’. आणि रामायणं, एक-दोन नाही, १०८ लिहिल्याचं सांगतात.

ही रामायणं म्हणजे शब्दांच्या जिम्नॅस्टिक्सचा अड्डा. ‘निरोष्ठ रामायण’ असं एक आहे. निरोष्ठ म्हणजे ओठाला ओठ न लागता म्हणता येईल असं. प, फ, ब, भ, म बाद. आता विचार करा, ‘म’ बाद म्हणजे ‘राम’ हा शब्दच बाद! रामाचं नाव न घेता रामायण सांगायचं. ‘परंतु रामायण’ नावाचंही एक आहे. आज एखादा रॅपर अशी अट घालून घेऊन ट्रॅक करतो तेव्हा आपण कॉमेंटमध्ये आगीचे इमोजी टाकतो. पंत हे बारामतीत बसून बोरूनं करत होते.

पण पंतांची एक अडचण होती, आणि ती आजही आहे. कळत नाहीत. लांबलचक संस्कृत समास, शब्दांची उलटापालट, एकेका आर्येत दोन-दोन अर्थ. वाचताना माणूस थकतो. त्यांच्यावर प्रेम करणाऱ्यांनीही हे कबूल केलंय.

आणि इथे राम जोशी बारामतीत येतात. पंत साठीच्या आसपास, जोशी त्यांच्याहून निम्म्या वयाचे. राम जोशींचा कार्यक्रम बारामतीत झाला, पंतांच्या कानावर तो पडला आणि तमाशातल्या या पोराची विद्वत्ता त्यांनी ओळखली, अशी परंपरा आहे. पंतांनी त्यांना ‘कविप्रवर’ म्हटलं, असंही सांगतात. बाकी प्रसंगाला पुढच्या लोकांनी बरीच फोडणी दिलीय, ती मी बाजूला ठेवतो. ‘कविप्रवर’ हा शब्द मात्र धरून ठेवा. प्रवर म्हणजे श्रेष्ठ. आर्येच्या बादशहानं डफवाल्याला श्रेष्ठ कवी म्हणावं, ही आठवण लोकांनी जपून ठेवली. खुद्द पंतांनी जी जागा दिली ती नंतरच्या पुस्तकांनी मात्र काढून घेतली.

पण मला यापेक्षाही मोठी वाटते ती उलट दिशेची गोष्ट. राम जोशींनी पंतांच्या आर्या उचलल्या आणि आपल्या कीर्तनांतून गायला सुरुवात केली. पंतांची आर्या लोकांपर्यंत पोचवण्यात त्यांचा वाटा फार मोठा आहे, हे सगळे अभ्यासक मान्य करतात. म्हणजे ज्यांच्या नावापुढे आपण आजही ‘कविवर्य’ लावतो त्यांची कविता वाड्याबाहेर पडली ती एका तमासगिराच्या गळ्यातून.

हे का जमलं, त्याला तांत्रिक कारण आहे. दोन मिनिटं द्या. पंत जी आर्या वापरतात तिचा बहुतेक प्रकार ‘गीती’. नावातच गाणं आहे. प्रत्येक अर्ध्यात ३० मात्रा. बारावर एक छोटा थांबा, मग अठरा. आतून बघितलं तर चार-चार मात्रांचे सात गट आणि शेवटी एक दीर्घ अक्षर. टाळी धरून बघा: एक दोन तीन चार, एक दोन तीन चार. सरळ चारचा ठेका! पानावर जी ओळ समासांच्या ओझ्यानं वाकलेली दिसते तिच्या पोटात हा चारचा ठोका चालू असतो. वाचणाऱ्या डोळ्याला तो दिसत नाही. आयुष्यभर डफावर बोटं मारलेल्या माणसाला तो ऐकू येणारच. कीर्तनात आख्यान रंगवताना कथा गद्यात सांगायची, भावनेच्या टोकावर आर्या टाकायची, परत गद्य, अशी पद्धत असते. तिथे अर्थ आधीच कथेनं समजावलेला असतो, त्यामुळे समास छळत नाहीत. ऐकणाऱ्याला फक्त लय आणि शेवटचं यमक झेलायचं असतं.

२०१६ मध्ये डिलनना साहित्याचं नोबेल मिळालं तेव्हा जगभर वाद पेटला की गाणं म्हणजे साहित्य का? आपल्याकडेही लेख आले. मला त्या वेळी कुणीतरी बारामतीचं नाव घ्यायला हवं होतं असं वाटत राहिलं. आपल्या वाङ्मयाच्या इतिहासात ‘संतकवी, पंतकवी, तंतकवी’ असे तीन कप्पे आहेत, ठीक, तंतकवी म्हणजे शाहीर, तंतुवाद्यावर गाणारे, त्यांनाही कवी म्हटलंय. पण तिसऱ्या कप्प्यात. अनंत फंदींबद्दलची आख्यायिका आठवा: अहिल्याबाई होळकरांनी समजावलं, ब्राह्मणानं तमाशात वाणी वाया घालवू नये, आणि त्यांनी डफ सोडून कीर्तन धरलं. ही गोष्ट नेहमी सुधारणेची गोष्ट म्हणून सांगतात. बिघडलेला मुलगा मार्गावर आला, असं. राम जोशींचीही तशीच सांगायचा प्रयत्न होतो. पण कीर्तनात त्यांनी जी कमाल केली ती फडात शिकलेल्या कानानंच ना? आणि तो कान कुणी तयार केला? धोंडी शाहिरानं. त्या धोंडीबद्दल आपल्याकडे नाव आणि जेमतेम दोन वाक्यं.

मग १९४७ साल येतं. व्ही. शांताराम यांच्या राजकमल कलामंदिराचा ‘लोकशाहीर राम जोशी’. दिग्दर्शनात बाबूराव पेंटर आणि शांताराम, लेखणी ग. दि. माडगूळकरांची, संगीत वसंत देसाईंचं. राम जोशींच्या भूमिकेत जयराम शिलेदार, नाटकातले गाणारे नट. तुमच्या अटीतला ‘अल्बम’ म्हणायचाच असेल तर तो हाच. राम जोशींच्या काही रचना आणि माडगूळकरांची नवी गाणी शेजारी शेजारी, आणि सांधा कुठे आहे ते चटकन कळत नाही. आज बहुतेकांच्या कानात ‘सुंदरा’ची जी चाल आहे ती या सिनेमानं घातलेली. सिनेमा तुफान चालला आणि पुढची काही दशकं मराठीत तमाशापटांची रांग लागली. मूळ चाल कशी होती, फडात ती किती जलद जायची, झीलकरी कुठे ताणायचे, हे त्याखाली बुजून गेलं.

या सिनेमात बयाची भूमिका हंसा वाडकरांनी केली. राम जोशींच्या फडात बया आणि चिमा या दोघी गायच्या, असं परंपरा सांगते. लावणी शृंगाराची असते तेव्हा ‘मी’ बाई असते, आणि ती ओळ बाईच्या तोंडून, तिच्या डोळ्यांतून लोकांपुढे येते. लिहिणारा राम जोशी, हे शेवटच्या ओळीतल्या नाममुद्रेनं पक्कं होतं. गाणारीची मुद्रा कुठेच नाही. तिनं कुठला शब्द लांबवला, कुठे थांबून प्रेक्षकाकडे बघितलं, कुठली ओळ तिच्या सूचनेवरून बदलली, हे कुठल्याही पोथीत उतरलेलं नाही. हंसाबाईंनी निदान ‘सांगत्ये ऐका’ या नावानं स्वतःचं आयुष्य स्वतः सांगितलं. श्याम बेनेगल यांनी त्यावरून १९७७ मध्ये ‘भूमिका’ केला. बयाला ती सोय नव्हती. आणि आजही पुणे-सोलापूर रस्त्यावर चौफुल्याला कला केंद्रांच्या पाट्या दिसतात, तिथे गाणाऱ्या बायकांची नावं तुमच्यापैकी किती जणांना सांगता येतील? रील शेअर करताना आपण गाण्याचं नाव टाकतो, फार तर संगीतकाराचं.

तर आता काम तुमच्याकडे. बारामती, इंदापूर, दौंड, सोलापूर या भागात तुमच्या घरात, शेजारी कुणी आजी-आजोबा असतील ज्यांना जुनी लावणी किंवा कीर्तनातली आर्या चालीसकट येते. सिनेमाच्या आधीची, किंवा सिनेमाहून वेगळी. फोन समोर ठेवा आणि रेकॉर्ड करा. सुरुवातीला त्यांचं नाव, गाव आणि ही चाल त्यांनी कुणाकडून ऐकली ते त्यांच्याच तोंडून येऊ द्या. आवाज कापरा असला, मध्ये शब्द अडला तरी चालेल. त्यांची परवानगी असेल तर आम्हाला व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात नावासकट लावू.